टँकरचं पाणी

महाप्याच्या त्या शेडमध्ये मळीच्या स्पिरिटचं पेट्रोल व्हायचं. स्पिरिटची वाफ नळीतल्या तापलेल्या पांढऱ्या दाण्यांवरून गेली की खालच्या काचेच्या भांड्यात दोन थर जमत. वर पेट्रोल, खाली पाणी. पेट्रोल हा प्रयोग मांडणाऱ्या नजीबसरांचं आणि पाणी गोजराचं, अशी वाटणीच होती म्हणा ना.

गोजरा बोनकोड्याहून यायची. सातवी पास, भांडी धुवायला म्हणून लागलेली. पण दाणे काजळले की गरम हवा सोडून ते पुन्हा पांढरे कसे करायचे, हे तीन वर्षांत तिच्याइतकं कुणाला साधलं नव्हतं. शिवाय रोजची वही तिच्या हातची. 'आज पेट्रोल नाही, नुसता वास,' असंही ती त्यात बिनदिक्कत लिहायची. सर हसून म्हणायचे, ही वही बघूनच कुणीतरी आपल्याला कारखाना काढून देईल.

ते कुणीतरी आज अकराला येणार होते. शहाण्णव साल उजाडल्यापासून दोघांनी याच दिवसाची वाट बघितली होती.

गेले आठ दिवस सर पहाटेच येऊन नळी चालवत. गुडघा दुखतो ना ताई, तुम्ही सावकाश दहाला या, म्हणाले होते. गोजराच्या गुडघ्याची चौकशी घरच्यांनीही केली नव्हती. तिने हे कौतुक सगळ्या आळीला ऐकवलं. दहाला आलं की भांडं भरलेलं असे. सर आकडे सांगत, ती लिही.

आज तिने पाहुण्यांना पेट्रोल मोजून दाखवायला मापाचे ग्लास घासले आणि शेवटी आपल्या पाण्याने विसळले. शेडला टँकरचं पाणी, त्याने काचेवर पांढरे डाग राहत. नळीतलं पाणी वाफेतून उतरलेलं, त्याने काच लख्ख व्हायची, म्हणून ती ते कॅनमध्ये साठवायची. जुना कॅन काल संपला होता. आज या आठ दिवसांचा उघडला.

ग्लास वाळले, तर डाग.

तिने पुन्हा विसळले. पुन्हा डाग. मग ती उठली आणि नळीला हात लावला. नळी थंडगार होती.

"सर, हे पाणी टँकरचं हाय."

नजीबसर खुर्चीत बसूनच राहिले. एवढे शिकलेले, पण ग्लास कधी धुतला नव्हता त्यांनी. "दाणे मेले ताई. नवे यायला दोन महिने. तोवर हे लोक थांबणार नाहीत. पेट्रोल पंपावरून आणलं."

"मेले तर मेले लिवायचं होतं. आपन लिवतो ना."

"तुमच्या अक्षरावर त्यांचा विश्वास बसतो."

म्हणजे गुडघ्याचं हे होतं तर. गोजराला रडू आलं नाही; गुडघा मात्र खरोखरच ठणकायला लागला.

बाहेर गाडी थांबली. आजचा दिवस सांभाळून घ्या, ताई, असं काहीसं सर पुटपुटले. तिने वही ओढली. त्या आठ पानांपैकी एकही फाडलं नाही. शेवटच्या आकड्याखाली सावकाश लिहिलं, 'हे आठ दिवस नळी थंड होती. पाणी टँकरचं.' खाली पूर्ण नाव घातलं.

मग वही उघडीच टेबलावर ठेवली, शेजारी डागाळलेला ग्लास. पाहुणे दारात आले, सर उठले, तेव्हा तिने सरांची खुर्ची जरा बाजूला सरकवून पाहुण्यांना टेबलापर्यंत वाट करून दिली.