उघडं ठेवलेलं पान

ऋतुराज सर म्हणजे आमच्या चिकलठाण्यातल्या कंपनीचे मालक. त्यांना वाट बघायला आवडत नाही, आणि आपल्याला आवडत नाही ते अख्ख्या जगालाच आवडत नाही, असा त्यांचा ठाम समज आहे. एका डायलिसिस सेंटरसाठी आम्ही फोनवरून नंबर लावायचं पान बनवलं. त्यावर उत्तर येईपर्यंत दिसेल अशी 'थांबा, विचारतोय' ही ओळ मी ठेवली होती. सरांनी ती काढायला लावली.

"तबस्सुम, बटण दाबलं की लगेच हिरवी खूण दिसली पाहिजे. सर्व्हरला मागाहून विचार. तो नाही म्हणाला तर खूण काढून टाक. कुणाला कळतंय?"

आता फोनवर दिसणारं पान म्हणजे फोननं स्वतःपुरती मांडलेली नक्कल. तिच्यातला एवढासा तुकडा बदलायला काहीच लागत नाही. पण जागा खरंच आहे की नाही, हे सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरलाच माहीत. त्याचा नकार येईपर्यंत रेंज गेली, तर खूण तशीच राहते. हे मी सरांना परोपरीनं सांगितलं. ऐकतंय कोण!

मंगळवारी सेंटरमधला कॉम्प्युटर बघायला गेले, तर काउंटरवर बद्रीनाथ नावाचे एक काका उभे होते. खुलताबादच्या पुढून आलेले. बाकावर त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, चेहरा सुजलेला, धाप लागलेली.

"तुमचं नाव नाहीये, काका," रिसेप्शनवरची मंजुषा म्हणत होती. "जागा नाही हे सांगायला काल किती फोन केले मी! उचलला का नाही?"

"कसा उचलू? उचलला आसता तर हे गेलं आसतं की." त्यांनी फोन पुढं धरला. हिरवी खूण, खाली 'आपला नंबर लागला'. "काल दाबलं तवापून हलू दिलं नाय. पोरांना हात लावू दिला नाय. तुमीच व्हय म्हणलात ना?"

मंजुषानं हात पुढे केला. "द्या इकडं, रिफ्रेश करते. म्हणजे कळेल तुम्हाला."

माझं डोकंच फिरलं. "हात लावू नकोस त्याला! रिफ्रेश केलंस की खूण जाईल आणि हा माणूस खोटा पडेल. खोटं आपण बोललोय, त्यांनी नाही."

तिथूनच सरांना फोन लावला.

"अगं, त्यांचं पेज जुनं आहे. रिफ्रेश करायला सांग," ते आरामात म्हणाले.

"सर, त्यांच्या बायकोच्या अंगात पाणी साठलंय. ते कशानं रिफ्रेश करू?"

उत्तराची वाट न बघता मी फोन ठेवला आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. चूक आमच्या पानाची आहे, म्हणून सांगितलं. ते माझ्यावर चांगलेच डाफरले. डाफरायलाच हवं होतं. पण बाहेर येऊन त्यांनी वच्छलाबाईंची नाडी पाहिली, आणि टेक्निशियनला थांबवून दुपारी एक जादा पाळी लावली.

नळ्या लागल्या, मशीन सुरू झालं. काका बाहेरच्या बाकावर येऊन बसले. फोन अजून तळहातावर तसाच.

"आता बंद करू का, पोरी?"

"करा, काका."

त्यांनी तो बंद केला, खिशात ठेवला, आणि मग अवघडून विचारलं, "परवाच्या पाळीला बी आसंच राखत बसावं लागंल का?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि 'थांबा, विचारतोय' ही ओळ पुन्हा जागेवर ठेवली.