सात मात्रांची शांतता

खटका वाजू नये म्हणून शांभवीने टेपरेकॉर्डरचं बटण अंगठ्याने हळूहळू आत दाबलं. कॅसेट फिरायला लागली तशी ती भिंतीला टेकून बसली आणि आठ महिन्यांच्या सौंदर्याचं डोकं मांडीवर नीट घेतलं. पोर गाढ झोपली होती. कपाळावरची सकाळची विभूती घामाने पुसट झाली होती. मागच्या दारी सासूबाई, म्हणजे अव्वा, बनाबाईकडून भांडी घासून घेत होत्या. नवरा संगमेश साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, तो पाचशिवाय येणार नव्हता. म्हणजे पोर उठेपर्यंतचा वेळ तिचा एकटीचा.

कॅसेटवर जाड पेनाने '४' लिहिलेलं होतं. तिचा दीर रुद्रेश बेंगलोरला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीच्या सुट्टीत येताना त्याने चार कॅसेटी भरून आणल्या, जाताना हा जुना टेपही ठेवून गेला आणि सोबत एक कागद. 'वहिनी, याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. नंबरानेच ऐका. एक गाणं वीस-वीस मिनिटांचं असतं, धृपद शोधू नका, सापडणार नाही. नवीन घर फिरून बघतो तसं ऐकायचं. तीनदा ऐकल्याशिवाय वाईट म्हणायचं नाही. चौथी मेटल आहे, सगळ्यात दणदणाटी, ती शेवटी. तिला घाबरू नका.'

पहिली कॅसेट तिला नुसती लांबलचक वाटली होती. दुसऱ्यांदा ऐकताना त्यातली बासरी ओळखीची झाली. दुसऱ्या कॅसेटीला मात्र गंमत झाली. ठेका धरायला गेली की हात चुकायचा. चार-चार मोजावं तर मध्येच पाय घसरल्यासारखं व्हायचं. मग एका दुपारी लंगोट वाळत घालता घालता तिने बोटांवर मोजलं. सात. परत सात. रूपक तालच की हा. तिचे वडील जयसिंगपूरला भजनात तबल्याला बसायचे, त्यांच्या शेजारी बसून तिने हे सात लहानपणीच हातात घेतले होते. ओला लंगोट हातात धरून ती एकटीच हसली होती. कुठले कोण लांब केसांचे लोक, आणि वाजवतायत रूपक. ते सगळं तिने रुद्रेशला चार पानं भरून लिहिलंही.

चौथीतली ही जागा तिला आता ठाऊक होती. आधी एकच गिटार, थेंब थेंब वाजणारी. मग ढोल, मग सगळेच एकमेकांवर चढत जातात आणि अचानक थांबतात. नुसती शांतता. सात मात्रांची, तिने मोजली होती. आणि त्यानंतर सगळी वाद्यं एकदम अंगावर कोसळतात. दोनदा ऐकलं होतं, दोन्ही वेळा दचकून तिने टेप तिथेच बंद केला होता. आज दचकायचं नाही असं ठरवून ती सौंदर्याच्या पापण्यांकडे बघत बसली.

पाच. सहा. सात.

ती दचकलीच. मांडी उडाली आणि सौंदर्या जागी झाली. रडली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

शांभवीने हात लांब करून टेप बंद केला. कानात अजून गरगरत होतं. ती पोरीला थोपटत होती, पण तिचं लक्ष थोपटण्यात नव्हतं. आवाज आधी आला होता. मांडी नंतर उडाली होती. मध्ये अगदी निमिषभर वेळ गेला होता आणि त्या वेळात ती पोरीच्या पापण्यांकडेच बघत होती. पापण्या हलल्या नव्हत्या. मांडी हलली तेव्हाच त्या हलल्या.

"वैनी, मशिनीला काय झालं वो?" बनाबाई पदराला हात पुसत दारात आली. "पत्र्याचं छप्पर पडल्यागत वाजलं."

"गाणं आहे ते."

"गाणं? मग गाणारा कुठं हाय त्यातला? का त्योबी भिऊन पळाला?"

शांभवी हसली. हसल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"आन ही बघा की, निवांत." बनाबाई पोरीसमोर उकिडवी बसली. "अव्वा, तुमच्या थाळीचा गुण वो ह्यो. आमच्या तानीची पोरगी पातेलं पडलं तरी घर डोक्यावर घेती."

जन्मल्यावर अव्वांनी काशाची थाळी वाजवली होती. पोर पुढे कधी दचकू नये म्हणून वाजवतात तशी. इतकी जोरात, की दवाखान्यातली नर्स धावत आली होती. ही गोष्ट अव्वा येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. आज मात्र त्या मागच्या दारी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत राहिल्या.

त्या दिवसापासून शांभवीचं गाणं ऐकणं संपलं. टेप मात्र रोज लागायचा. पोर पाळण्यात झोपली की ती कॅसेट मागे न्यायची, ती शांतता यायची, ती मोजायची आणि आवाजाचं बटण दर दिवशी थोडं थोडं पुढे सरकवायची. सात झाले की ती दचकायची, पाळणा तसाच संथ. मग ती घाईने बंद करायची. झोपलीय, गाढ झोपलीय, असं स्वतःला सांगायची. मग जागेपणी लावून बघायची. पोर बोटं चोखत पंख्याकडे बघत असायची.

एका संध्याकाळी तिने संगमेशला विचारून बघितलं. तो बूट काढत होता. अंगाला मळीचा आंबूस वास होता.

"सौंदू हाक मारली की बघत नाही हो."

"लहान आहे गं."

"आठवा सरला."

"कारखान्याच्या भोंग्यात जन्मलेली पोर आहे ती. इथं बावड्यात कुणाचं पोर आवाजाला भितंय? मी भोंगा झाला तरी झोपायचो म्हणे." त्याने सौंदर्याला उचलून वर उडवलं. ती खिदळली. "हे बघ. कसली हसतेय. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस."

हसायची ती. हसताना आवाजही यायचा. शांभवीने त्या हसण्याला घट्ट धरून ठेवलं.

दोन दिवसांनी तिला आणखी एक गोष्ट सापडली. फरशी पुसायची होती म्हणून तिने टेप लाकडी दिवाणावर ठेवला होता. सौंदर्या तिथेच पालथी पडली होती. सात मात्रा झाल्या, वाद्यं कोसळली आणि पोरीने मान वर केली. टेपकडे वळली. डोळे मोठे केले. दोन्ही तळवे गादीवर आपटले.

शांभवीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ऐकतेय. ऐकतेय ही. तिने टेप बंद करून पोरीला छातीशी धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं, देवघरातल्या बसवेश्वराच्या तसबिरीकडे बघून हात जोडले. त्या दिवशी तिने शिरा केला. का केला ते कुणाला सांगितलं नाही.

पण भीती अशी शिऱ्याने जात नाही. दुसऱ्या दुपारी ती पोरीशेजारी दिवाणावर बसली आणि टेप वाजू दिला. बसल्या जागी तिच्याच तळहाताखाली लाकूड थरथरत होतं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. मग ती उठली. टेप खाली घेतला, फरशीवर स्टूल ठेवलं, त्यावर घडी केलेली गोधडी आणि गोधडीवर टेप. तोंड सरळ पोरीच्या पाठीकडे. बटण शेवटपर्यंत फिरवलं.

सौंदर्या उशीच्या अभ्र्याचं टोक ओढत होती. सात मात्रा झाल्या. खिडकीची काच झणझणली. सौंदर्या उशीच्या अभ्र्याचं टोक ओढत होती.

शांभवीने टेप बंद केला, वायर गुंडाळली आणि कपाटावर, हात पोचणार नाही इतका मागे सारून ठेवला. रुद्रेशचं पत्र आलं, 'चौथी कशी वाटली? कुठवर आलात?' तिने उत्तर लिहिलं नाही. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होणार होतं. पोरीला हाका मारणंही तिने सोडलं. समोर जाऊनच बोलायची, हात लावूनच उठवायची. कुणी मागून "सौंदू" म्हणायला लागलं की ती घाईने मध्ये येऊन पोरीला उचलायची, म्हणजे वळली की नाही हे कुणाला दिसायला नको.

आठवडा असा गेला. शनिवारी दुपारी ती भरवून झाल्यावर पोरीचं तोंड पुसत होती, तेव्हा अव्वा आत आल्या. दाराशीच थांबल्या.

"ती तुझी टेप का लावंनास गं?"

"तुम्हाला त्रास होतो, अव्वा."

"मी म्हटलो व्हय कधी?"

"तुम्हीच रणकंदन म्हणाला होतात."

"ते हायच की. लाव."

"नको. पोर आत्ता जेवलीय."

"लाव म्हणतो न्हवं."

शांभवीने कपाटावरून टेप काढला. वायर सोडवताना गाठ सुटेना. अव्वांनी स्टूल ओढलं, पण त्यावर टेप ठेवू दिला नाही, स्वतः बसल्या. चटईवरच्या सौंदर्याच्या बरोबर मागे. टेप खिडकीत ठेवावा लागला.

"ती जागा कुठं हाय, तू दचकतीस ती?"

शांभवीचा हात बटणावरच थांबला. वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

"अकरा मिनिटांनी येते. पुढं नेऊ?"

"नगं. येऊ दे तिच्या तिच्या पायानं."

कॅसेट सुरू झाली. ती एकटी गिटार थेंब थेंब वाजायला लागली. शांभवी चटईच्या कडेला बसली. अव्वांचे डोळे पोरीच्या मानेवरून हलत नव्हते. बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर चढाला गुरगुरत गेला. ढोल आले. माणूस गायला लागला, मग ओरडायला लागला. अव्वांनी कपाळाला आठी घातली नाही. अकरा मिनिटं किती लांब असतात हे शांभवीला तेव्हा कळलं. टेप बंद करावा आणि पोरीला घेऊन माहेरी जावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. ती जागची हलली नाही.

मग सगळं थांबलं. तिची बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागली. सातव्या बोटाला अव्वांनी स्टुलाची कड धरली.

दोघी दचकल्या.

सौंदर्याने पायाचा अंगठा धरून तोंडात घातला.

टेप वाजतच होता. अव्वांनी स्टुलाची कड सोडली. मग पदराने तोंड पुसलं.

"अंगोळ घालताना मी रोज मागनं चुटकी वाजवतो," त्या म्हणाल्या. "टाळी वाजवतो. महिना झाला. कानात पाणी गेलं असंल म्हटलं. मग सर्दी हाय म्हटलं."

"महिना?" शांभवी त्यांच्याकडे वळली. "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? हितं बसून ही टेप ऐकायचीस तवा तुझं तोंड बघायचो मी दारातनं. बाळंत झाल्यापास्नं तेवढंच एक हसायचीस. म्हटलं ऱ्हाऊ दे तुझं हसू आणि चार दिस." त्यांनी वाकून सौंदर्याला उचललं, मांडीवर घेतलं. "आन एक दिस तुझं तोंड बदललं. तवा कळलं, तुलाबी गावलं म्हणून."

शांभवी रडली नाही. तिने नुसते पाय पोटाशी घेतले. इतके दिवस जे अंगात एकटीने धरून ठेवलं होतं ते आता खोलीत होतं, समोर, चटईवर. त्याने ते लहान झालं नव्हतं.

"ह्यांना काय सांगायचं?"

"संग्याला मी सांगतो. त्यो भोंगा-बिंगा म्हणाय लागला की पाठीत एक घालतो." अव्वांनी पोरीचं लाळेचं तोंड अंगठ्याने पुसलं. "सोमवारी मिरजेला जायाचं. तिथं कानाचा डाक्टर हाय म्हणं, शेजारच्या शिवगंगेच्या नातवाला दावलं त्या मोठ्या दवाखान्यात. तू चल, मी चलतो. व्हय की न्हाय, पुट्टी?"

पुट्टी म्हणजे त्यांच्या माहेरच्या कानडीत छोटी पोरगी. पोरीने त्यांच्या हनुवटीत बोटं घातली. अव्वांनी ती तशीच राहू दिली.

खिडकीत वाद्यं आता वेगळंच काही करत होती. कोसळणं संपलं होतं, खाली कुठेतरी एक संथ चाल सुरू झाली होती, तिच्यावर दुसरी. शांभवी टेप बंद करायला उठली.

"ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाल्या. "संपलं न्हवं अजून."

"नाही. आठ-नऊ मिनिटं असतील."

"फुडं काय हाय?"

शांभवी बटणाशी उभी राहिली. दर वेळी ती इथेच थांबली होती.

"ठाऊक नाही. कधी ऐकलंच नाही."

"तुलाबी न्हाय म्हाईत."

"नाही, अव्वा."

अव्वांनी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पायाने चटईची कड सरळ केली.

"मग बस की खाली."