जादा पाऊल

पडद्यावरचा खुनी जिन्यात थांबला आणि थांबल्यावर त्याचं पाऊल आणखी एकदा वाजलं.

अख्खं थिएटर किंचाळलं. माझ्या नणंदेने माझा दंड असा आवळला की नखं रुतली.

"वहिनी, त्याच्या मागे आणखी कोणीतरी आहे!"

"कोणी नाही. बघा गप्प."

मागे कोणी नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या खुन्याचे पाय माझ्या पलीकडच्याच खुर्चीत होते. माझे यजमान सिनेमात आवाज भरायचं काम करत. पडद्यावर नट चालतो, पण त्याच्या पायांचा आवाज बहुतेक वेळा त्याचा नसतो. नंतर एका बंद खोलीत सिनेमाचा तुकडा पुन्हापुन्हा दाखवतात आणि त्याच्याबरोबर दुसराच माणूस चालतो. आमचे हे चालत. लाकडी फळीवर, फरशीवर, खडीच्या ट्रेमध्ये. त्यांच्याकडे जोड्यांचं कपाट होतं आणि त्यात नायिकेसाठी उंच टाचांच्या सँडल्सही होत्या, ह्यांच्या दांडग्या पावलांच्या मापाने करून घेतलेल्या. पडद्यावर नाजूक पोरगी ठुमकत गेली की मला ह्यांच्या पोटऱ्या दिसायच्या. मारामारी असली की खुर्चीवर जुना कोट चढवून त्याला चपलेने झोडपायचं. हाडं मोडायची असली की कोबी. नायकाने मोडलेल्या माना आम्ही आठवडाभर भाजी करून खात असू.

तेव्हा असल्या सिनेमांची भीती मला वाटणार कुठून? तरी मी एकही सोडला नाही. नावं ठेवायला का होईना, बघायलाच लागायचे. दहा गुंड नायकाला घेरतात आणि दवाखान्यात नंबर लावल्यासारखे एकेक करून मार खायला पुढे येतात. घरात खून झालेला असतो, दिवे गेलेले असतात आणि नायिका पातळ गाऊन घालून तळघर बघायला निघते. आमच्या घरात उंदीर शिरला तर मी काठीशिवाय पलंगावरून उतरत नाही! आणि रहस्य म्हणाल तर, ज्या नोकरावर सगळे संशय घेतात तो गरीब, आणि जो काका सगळ्यांना धीर देत फिरतो तो खुनी. मध्यंतराच्या आत ओळखता येऊ नये असा एक काका मला अजून भेटायचा आहे. आताचे सिनेमे तर बघवतही नाहीत. परवा नातीने एक दाखवला. भूत येण्याआधी एवढा ढणढणाट, की भूत आलं तेव्हा हुश्श वाटलं.

त्या सगळ्या थोतांडात एकच गोष्ट खरी असायची, ती म्हणजे ह्यांचं चालणं. दमलेला पोलीस कसा चालतो आणि घाबरलेला कसा, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. नट थांबला की ह्यांचं पाऊल थांबायचं. केसाएवढाही फरक नाही. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

म्हणून त्या दुपारी थिएटर किंचाळलं तेव्हा मी पडदा सोडून ह्यांच्याकडे बघितलं. त्या तुकड्यात नटाचे पाय दिसतच नव्हते, नुसता जिन्याचा कठडा आणि एक सावली. अशा वेळी चित्रीकरणातला कच्चा आवाज कानाला लावून, त्यावरून पावलं जुळवतात. तो ह्यांना ऐकू आला नसणार. घरी कित्येक दिवस रेडिओची कळ पिळून पिळून ते म्हणत होते, "म्हातारा झाला गं हा रेडिओ." मी हो म्हणत होते.

बाहेर आलो तर लोक त्या जिन्याबद्दलच बोलत होते. "ते पाऊल रे! कसलं डोकं लावलंय!" नणंद तर पहिल्या वर्गात पास झाल्यासारखी नाचत होती.

"दादा, मानलं तुला! ते शेवटचं पाऊल! माझा तर जीवच गेला."

"कुठलं शेवटचं?" ह्यांनी विचारलं.

"आव आणू नकोस हं. तो थांबतो, आणि मग वाजतं ते."

हे हसले. ऐकू न आलेल्या विनोदाला माणूस हसतो तसे. नणंद बसमध्ये चढून गेल्यावर माझ्याकडे वळले.

"काय म्हणत होती ती?"

बहिऱ्या माणसाला गुपित हळू सांगता येत नाही. मी त्यांना बसथांब्यामागच्या भिंतीशी नेलं, कानाशी तोंड नेलं, तरी मला ओरडावंच लागलं. "तुमचं एक पाऊल जादा पडलंय! नट थांबल्यावर!"

थांब्यावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"शक्य नाही," हे म्हणाले.

"सगळं थिएटर ओरडलं त्याच्यावर."

"मग रेकॉर्डिंगवाल्याने सांगितलं कसं नाही?"

त्याचा उलगडा पुढे झाला. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, दिग्दर्शकाने मागितलं असेल. दिग्दर्शकाला वाटलं, ह्यांनी मुद्दाम दिलं आणि आपल्यालाही सुचलं नाही असं सुचवलं. कोणी कोणाला विचारलं नाही. सिनेमा तुफान चालला.

दुसऱ्या सिनेमासाठी दिग्दर्शक स्वतः आमच्या घरी आला. पोरगेलासा, गॉगल डोक्यावर चढवलेला, सगळं जग आपण लावून दिलेल्या दिव्यात चाललंय असा चेहरा.

"काका, ह्या वेळी तीन ठिकाणी टाकायचं आपलं पाऊल. तुमची सहीच झालीय ती. तुम्हीच हवेत मला, दुसरा कोणी नको."

हे त्याच्या ओठांकडे बघत होते. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"मला कमी ऐकू येतं," हे म्हणाले. घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. "ते पाऊल चुकून पडलं."

दिग्दर्शक खळखळून हसला. "मग तर उत्तमच की! आता ऐकायची गरजच नाही. तो थांबला की तुम्ही एक द्यायचं. डोळ्यांनी काम होईल. कान गेले तरी नोकरी पक्की, काका!"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. दुसरं कुठलं काम त्यांना येत होतं? मी मनात म्हटलं, टाका ना एक पाऊल. बाकी सगळं खोटंच आहे, कोबीच आहे. त्यात एकाने काय बिघडतं?

"कोण टाकतं ते?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"खुनी थांबलाय. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. मग पाऊल कोणाचं?"

"काका, कोणाचं नाही. भीतीचं आहे ते!"

"भीतीला पाय नसतात," हे म्हणाले. "माणूस थांबला की पाऊल थांबतं. मला एवढंच येतं."

"बघा, विचार करा," म्हणत दिग्दर्शक चहा अर्धा टाकून गेला. मी जरा चिडूनच ओरडले, "विचार करायला काय होतं? भुतांच्या सिनेमात कसला आलाय खरेपणा?"

"तू सिनेमांना नावं ठेवतेस," हे म्हणाले. "मी ठेवू शकत नाही. मी त्यात चाललोय."

दुसऱ्या दिवशी ते जाऊन रेकॉर्डिंगवाल्याला कानांचं सांगून आले आणि कपाटातले जोडे कोणातरी नवख्याला देऊन आले. नंतर ते एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकं लावू लागले. तिथे ऐकू न येणं चालून जातं.

तो दुसरा सिनेमा लागला तेव्हा मला वाटलं, हे येणार नाहीत. पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून, नेहमीसारखे माझ्या पलीकडच्या खुर्चीत बसले. सिनेमा पहिल्याहून टुकार होता. भूत भिंतीतून आरपार जायचं आणि दाराशी आलं की कडी उघडायचं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, नणंद मला कोपराने ढोसत होती. मग पडद्यावर एक माणूस लांबलचक व्हरांड्यात थांबला आणि कोणीतरी नव्याने शिकलेलं जादा पाऊल धप्पकन पडलं.

सगळं थिएटर दचकलं. पुढच्या रांगेतले खांदे एकदम उडाले, नणंदेने डोळे झाकून घेतले, माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

हे तेवढे हलले नाहीत. हात मांडीवर, पाठ ताठ, नजर पडद्यावरच्या त्या थांबलेल्या माणसाकडे. सगळ्या अंधारात त्याच्याबरोबर थांबलेले तेवढे एकटेच होते.