सहा सिलिंडर आणि डॉक्टरांचे पाय

"डॉक्टर, जरा कापावं लागेल," मिस्त्री म्हणाला, आणि दातांच्या डॉक्टरांना उभ्या उभ्या खुर्चीत आडवं झाल्यासारखं वाटलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

कापायचं होतं ते गाडीला. लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार. नाकीडोळी नीटस, पण अंगात दम नाही. जुन्या गाड्यांच्या मंडळाची दरवर्षी एक फेरी घाटातून वर जायची. तिला शर्यत म्हणायचं नाही असा मंडळाचा नियम होता, आणि ती शर्यत नाही असं मानणारा एकही सभासद नव्हता. त्या फेरीत डॉक्टरांचे साडू त्यांना न चुकता मागे टाकत. साडूंचं चष्म्यांचं दुकान, आणि गाडी चार दारांची, कुटुंबवत्सल. नुसतं हरणं डॉक्टरांनी सोसलं असतं. पण साडू पुढे जाण्याआधी घटकाभर बरोबरीने चालत, काच खाली करत आणि विचारत, "काय डॉक्टर, फेरफटका का?" वर पोचल्यावर हेच ते दोघी बहिणींना साभिनय करून दाखवत. एकदा, फक्त एकदा साडूंचं पडलेलं तोंड बघायचं, एवढंच डॉक्टरांचं मागणं होतं.

म्हणून इंजिन बदलायचं ठरलं. मिस्त्रीने भंगारात निघालेल्या एका रुग्णवाहिकेचं दांडगं इंजिन आणून ठेवलं. "तुमच्याच खात्यातलं आहे," तो म्हणाला, आणि डॉक्टरांना ते पटलं. एखादी गोष्ट हवीच असली की माणसाला कारण फार मोठं लागत नाही.

जुनं इंजिन चार सिलिंडरचं, हे सहाचं. म्हणजे जागेपेक्षा चांगलं हातभर लांब. पुढे रेडिएटर हलेना, तेव्हा इंजिन मागे रेटायचं ठरलं. इंजिन आणि माणूस यांच्या मधला पत्रा कापला. इंजिनापाठोपाठ गिअरबॉक्स आत आला आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा मधोमध ऐसपैस बसला. त्याच्यासाठी शेजारची सीट काढली. पेडलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी राहिली. दर खेपेला मिस्त्री म्हणे, "आता उघडलंच आहे, तर शेजारचंही करून घेऊ." हा माणूस मागे अक्कलदाढ काढून घ्यायला आला होता तेव्हा त्याने तोंडाबरोबर कानही उघडे ठेवले असावेत, अशी डॉक्टरांना शंका आली.

मापं मात्र दोघांनी मिळून घेतली होती. इंजिनाचं, बॉनेटचं, गिअरबॉक्सचं, स्क्रूचंसुद्धा. घ्यायचं राहिलं ते डॉक्टरांचं. डॉक्टर अंगाने ताडमाड, आणि त्यांच्या मापाचे बूट काढायला दुकानदाराला शिडी लावावी लागे.

इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या टायरवाल्याच्या टेबलावरचा चहाचा कप चालत चालत कडेला आला आणि खाली उतरला. मिस्त्रीचा ऊर भरून आला. "बसा डॉक्टर."

डॉक्टर बसले. गुडघे कानांशी आले. क्लचवर पाय ठेवला तर तो ब्रेकवरही पडला, आणि दुसऱ्याला टेकायला जागाच उरली नाही. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पाय तिरके करून पाहिले. गाडीने आचका दिला आणि ती गप्प झाली.

"पाय जरा आखडते घ्या," मिस्त्री म्हणाला.

"किती?"

"अर्धे."

"कापून घेऊ?"

"कापायला कोण सांगतंय? टाचेकडून थोडे मागे राहू द्या."

मग मिस्त्री स्वतः बसायला गेला. त्याचं पोट स्टिअरिंगखाली असं अडकलं की ओढून काढायला टायरवाला बोलवावा लागला.

तेवढ्यात डॉक्टरांची बायको नवऱ्याला शोधत आली. ती शाळेत भूगोल शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. चण एवढीशी, आणि चपला लहान मुलींच्या कप्प्यातून घ्यायची. "अहो, दवाखान्यात तिघं गाल धरून बसलीत," ती म्हणाली. "आणि ही गाडी दारात आडवी का? सरका, मी घेते बाजूला."

बाजूला म्हणजे चार हात. बाईंनी ती चौकातून उजवीकडे नेली आणि दिसेनाशी केली. बऱ्याच वेळाने त्या परतल्या. केस उभे, चेहरा शांत.

"चौथ्याच्या पुढे गिअर आहे का हो हिला?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

फेरी तोंडावर आली. जुनं इंजिन परत बसवू, मिस्त्री म्हणत होता. डॉक्टरांनी मनातल्या मनात दोन रकाने आखले. जुनं इंजिन बसवलं तर आपण गाडीत, पण साडू पुढे. नवं ठेवलं तर गाडी पुढे, पण आपण बाहेर. बेरीज काही जुळेना.

"तुम्हाला नेमकं हवंय काय?" बायकोने विचारलं.

"त्या माणसाचं पडलेलं तोंड बघायचंय."

"मग पुढे जाऊन कसं दिसेल? शेजारी बसायला नको का?"

डॉक्टरांनी लाल गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

फेरीच्या सकाळी ते साडूंच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. ताई, म्हणजे साडूंची बायको, डबे घेऊन आधीच वर गेली होती. साडू खूश. "या डॉक्टर. यंदा वेळेवर पोचाल."

घाट सुरू झाला. डॉक्टर रस्त्याकडे पाठ करून, कुशीवर वळून साडूंच्या तोंडाकडे टक लावून होते.

"माझ्या दाताला काही लागलंय का?" साडूंनी विचारलं.

"चालवा तुम्ही."

मोठ्या वळणावर मागून गडगडाट आला आणि लाल गाडी झपकन बाजूने गेली. बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. हाच तो क्षण. आणि नेमकी त्याच क्षणी डॉक्टरांची नजर गाडीमागे धावली.

"दाबा ना, साडूबुवा. गेली ती."

"दाबलंय हो."

"मग गिअर उतरवा. गाडी चालवताय की चष्मा पुसताय?"

साडूंच्या तोंडाची आठवण झाली तेव्हा ते तोंड खदखदून हसत होतं. "डॉक्टर, तुम्ही आहात तरी कुणाकडून?"

वर भोंग्यावरून पुकारा झाला. पहिल्या, बाई. दुसरे, चष्मेवाले आणि डॉक्टर, जोडीने. टाळ्या पडल्या. साडूंनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. "आपण हरलो," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. इतक्या वर्षांत त्या घाटात त्यांना पहिल्यांदाच सोबत मिळाली होती, हरायला का होईना.

उतरताना पुढे ताई बसली. डॉक्टर मागे, गुडघ्यांवर रिकामे डबे घेऊन. लाल गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"लहानपणी आम्ही हिला आमच्या सायकलला हात लावू द्यायचो नाही," ताई म्हणाली.

"का? पाडायची?"

"छे. चालवायची छान. परत द्यायची नाही."