आधीच केलेली खूण

मी बरोबरची खूण बोलतेय. अपडेटची खिडकी उघडली की तळाशी, बारीक अक्षरांच्या डावीकडे एक चौकट दिसते. तिथे मी असते. मला तुम्ही बसवलेलं नसतं, मी बसूनच येते.

माझा जन्म पोटापाण्यासाठी झाला. पीडीएफ कागद उघडून दाखवणारा एक प्रोग्राम लोकांना फुकट मिळायचा. ब्राउझरमध्ये शोधपट्टी बसवणारी दुसरी कंपनी त्याच्या मालकांना म्हणाली, आमची पट्टीही सोबत धाडा, जितक्या संगणकांवर उतरेल तितके पैसे देऊ. विचारलं तर कोणी घेणार नाही आणि अपडेटला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून मला त्यात आधीच बसवलं.

२०१३च्या जूनमध्ये मी दर्यापूरला आले. बसस्टँडसमोर कुर्बानभाईंचं अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. माणूस चोख. पीकनुकसानीच्या अर्जात एक चौकट रिकामी राहिली की अर्ज परत यायचा, तेव्हापासून कुठलीच खूण काढायची नाही हा त्यांचा नेम.

त्या दिवशी मोनाली आली. नर्सिंगच्या अर्जाची मुदत पाचपर्यंत होती. दोन हंगाम कापसाची पऱ्हाटी हातची गेलेली. घरात सगळ्यांचे डोळे या एका जागेकडे लागले होते. माहितीपत्रक उघडताना त्याच प्रोग्रामचं अपडेट आलं.

"भाई, खाली हे खूण कायची हाय?"

"असू दे बेटा. पयलेची खूण काढली का अर्ज बाद होते," म्हणत भाईंनी पुढचं बटण दाबलं.

अपडेट दोन मिनिटांत झालं. मग माझा माल उतरू लागला. पहिलं पान बदललं, प्रवेशाच्या साइटऐवजी जाहिराती उघडू लागल्या, जुना संगणक अडकून बसला. तो सुरू झाला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मले वाटलं, खूण सायबानंच केली असन," भाई म्हणाले. मोनालीने आपले कागद पिशवीत घातले. मला लाज वाटली, पण माल उतरवणं थांबवता आलं नाही.

वर्षभर तिने बाजारात आईसोबत वांगी विकली. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा आली आणि अपडेटही आलं. भाईंचा हात माउसकडे गेला.

"थांबा भाई. मले वाचू द्या."

तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मला काढून टाकलं. अर्ज गेला का, ते मला दिसलं नाही. जायला हवा होता.

दुसऱ्या खिडक्यांत मी अजून आहे. मला स्वतःहून उठता येत नाही. तेवढं तुम्ही करा.