पुरुषांचा केक

माझ्याविरुद्ध भेदभावाची तक्रार आली आहे हे मी घरी सांगितलं, तेव्हा ह्यांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"तू? तू कुणाशी केलास भेदभाव?"

"पुरुषांशी."

"कुठल्या पुरुषांशी?"

"आमच्या केंद्रातल्या. सगळ्याच." मी म्हटलं. "तिघेच आहेत पण."

रविकांत आधी हसले, माझा चेहरा बघून गंभीर झाले आणि मग न राहवून परत हसले. "अगं, लग्नाला वीस वर्षं झाली, तू मला कधी दुसऱ्या खोलीतून हाक मारली नाहीस. उठून येतेस आणि कानाशी सांगतेस. तू कसला डोंबलाचा भेदभाव करणार!"

आमच्या सोळा वर्षांच्या सानिकाने फोनमधून मान वर न काढता निकाल देऊन टाकला. "आई इज कॅन्सल्ड."

मला मात्र हसू येत नव्हतं. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आल्यापासून अकरा वर्षं मी 'रविकांतची बायको' होते. नगरपालिकेत तशी, बँकेत तशी, सोसायटीच्या गणपतीतही तशीच. मग डच शिकले, परीक्षा दिल्या आणि सार्वजनिक आरोग्य सेवेत सहायक परिचारिका झाले. शाळाशाळांतून जायचं, मुलांना लसी द्यायच्या, उंची-वजनं घ्यायची, रडेल त्याला स्टिकर लावायचा. गडद निळा गणवेश आणि त्याच्यावर पट्टी. पट्टीवर नुसतं 'शैला'. कुणाची कोण, काही नाही. माझा तात्पुरता करार ऑक्टोबरअखेर संपत होता. पुढे मला कायम करणार हे ठरलेलंच होतं. आता आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, तक्रार मिटेपर्यंत सही करता येणार नाही. मिटली नाही तर एक तारखेला गणवेश धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा. पट्टीसकट.

तक्रार केली होती वाउटरने. वाउटर म्हणजे आमच्याकडचा परिचारक, शेजारच्या नीउ-व्हेनेप गावाहून सायकलने येणारा, दारातून आत येताना वाकावं लागतं इतका उंच. सुई टोचताना मुलांपेक्षा त्याचाच चेहरा रडवेला होतो. तक्रार एका ओळीची होती: शैला बायकांचे केक खाते, पुरुषांचे खात नाही.

परक्याला हे पोरकट वाटेल. पण इथे ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, दहाच्या कॉफीला सगळ्यांनी गोल करून बसायचं, आणि वाढदिवसवाल्याबरोबर त्याच्या शेजारी बसलेल्याचंही अभिनंदन करायचं. त्या बिचाऱ्याने काय केलेलं असतं देव जाणे. कामाला एखाद दिवस उशिरा आलात तर चालतं, केक नाकारलेला चालत नाही. म्हणून केकमधल्या अंड्याबद्दल मी बाप्पाशी पहिल्याच वर्षी बोलून घेतलं होतं. भाजल्यावर दिसत नसेल तर हरकत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

आणि आता आठवून पाहिलं, तर वाउटरचं म्हणणं खरं होतं हो! गाडी चालवणाऱ्या हेर्मनचा वाढदिवस एकादशीला आला. डॉक्टरांचा श्रावणी सोमवारी. सप्टेंबरात वाउटरचा, तो नेमका संकष्टीला. बायका मात्र सगळ्या समंजस तिथींना जन्मलेल्या. तिन्ही वेळा मी हळूच म्हणाले होते, "पोट जरा ठीक नाही."

उपवास आहे असं का नाही सांगितलं? आमच्या लीलावती मावशीची लहानपणापासूनची शिकवण, व्रत चारचौघांत बोलून दाखवू नये, पुण्य झिजतं. मी संध्याकाळीच साताऱ्याला मावशीलाच फोन लावला.

"मावशी, व्रत सांगितलं तर झिजतं ना?"

"फुशारकी मारलीस तर झिजतं. का गं?"

मी सगळं सांगितलं. मावशीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू उपवास लपवायला खोटं बोललीस?"

"हो."

"तीनदा?"

"हो."

"आणि देवाने एकदाही तुझं पोट खरोखर बिघडवलं नाही? कृपाच म्हणायची! जा, खरं काय ते सांगून ये. आणि जरा मोठ्याने बोल. देवालासुद्धा तुला दुसऱ्यांदा विचारावं लागत असेल."

समान संधी विभागाच्या मिनेकेबाई मला आधीपासून ओळखत होत्या. गणवेशात कोपराखाली काही घालता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी हिरव्या बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या होत्या, तेव्हा त्या मुद्दाम भेटायला आल्या होत्या. काही तक्रार आहे का? मी म्हटलं, नाही. नक्की ना? नक्की. म्हटलं, जंतूंना सौभाग्य कुठे कळतं? बाई जरा हिरमुसून गेल्या होत्या. आज त्यांच्या टेबलावर पाण्याचा जग होता, कागदी रुमालांचा डबा होता, आणि समोर वाउटर गुडघे मिटून बसला होता.

"मी भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "पण तीन पुरुष, तीन केक आणि तिन्ही वेळा पोट? आणि त्याच दिवशी अर्ध्या तासाने ही डब्यातून शेंगदाण्याचं काहीतरी खात होती. मजेत."

माझी खिचडी. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"हेर्मनला काही वाटलं नाही. डॉक्टरांच्या तर लक्षातही आलं नाही," वाउटर सांगत होता, आणि त्याचा आवाज आता माझ्याइतका खाली आला होता. "पण माझा सफरचंदाचा टार्ट आईच्या पद्धतीचा होता. आई मार्चमध्ये गेली. मी पहिल्यांदा एकट्याने केला होता. हिने ताटलीसुद्धा हातात घेतली नाही."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रुमालांचा डबा मिनेकेबाईंनी त्याच्याकडे सरकवला, मग माझ्याकडे. मी डोळे पुसले आणि मावशीने सांगितल्याप्रमाणे जरा मोठ्याने सगळं सांगून टाकलं. एकादशी, सोमवार, संकष्टी. पोटाचं खोटं होतं हेही.

वाउटरचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. पण मिनेकेबाई त्याच्याही आधी उजळल्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हणजे हा धर्माचा प्रश्न आहे!"

"प्रश्न नाही हो, उपवास आहे."

"शैला, तुझ्या धार्मिक दिवशी, सगळ्यांसमोर, दुसरा काहीही पर्याय न ठेवता तुझ्यापुढे केक धरला गेला. तीनदा. इतका दबाव, की तुला आजारपणाचं सोंग घ्यावं लागलं. भेदभाव तू केलेला नाहीस. तुझ्याशी झालाय."

"कुणी केला?" वाउटरने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याच्या मानेपासून वर लाल चढत गेलं.

"तू तक्रार दाखल कर," बाई मला म्हणाल्या. "तुझी दाखल झाली की त्याची आपोआप मागे पडते. पुढच्या आठवड्यात तुझ्या करारावर सही."

एवढं सोपं. मी माझ्या पट्टीकडे बघितलं. मग वाउटरकडे. ज्या माणसाने मेलेल्या आईचा टार्ट माझ्यापुढे धरला, त्याच्यावर दबाव टाकल्याची तक्रार. हे करून सही मिळवली, तर संध्याकाळी दिवा लावायला कुठल्या तोंडाने बसू?

"मला तक्रार नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मिनेकेबाईंनी उसासा टाकला. मी त्यांना दुसऱ्यांदा निराश करत होते. "मग एकच मार्ग उरतो. तुम्ही दोघांनी माझ्यासमोर काहीतरी एकत्र खायचं. समेट झाल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं, तर प्रकरण बंद करता येईल."

"मी परत टार्ट करतो!" वाउटर म्हणाला.

मग तिघांनी डायऱ्या काढल्या. इथे आजोबा नातवाला भेटायला येतात, तेही महिनाभर आधी ठरवून. मिनेकेबाईंना ऑक्टोबर संपायच्या आत एकच वेळ मोकळी होती. मंगळवारी, दहा वाजता.

मी फोनमध्ये पंचांग उघडलं. देवाची लीला बघा, अंगारकी. मंगळवारची संकष्टी. एक अंगारकी केली की वर्षभराच्या संकष्ट्या केल्याचं पुण्य मिळतं म्हणतात.

"त्या दिवशीही..." मी म्हटलं.

"पोट?" वाउटरने विचारलं.

"उपवास. पीठ चालत नाही."

वाउटर निराश झाला नाही, त्याने कामाचा प्रश्न विचारला. "मग चालतं काय?"

"दूध चालतं. फळं, शेंगदाणे. बटाटे."

मिनेकेबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बटाटे?" मिनेकेबाई म्हणाल्या. "उपवासाला?"

"हो. तूप किंवा लोणी घालून."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "शैला," वाउटर अगदी जपून म्हणाला, "आमच्याकडे त्याला जेवण म्हणतात."

घरी हे सांगितल्यावर रविकांत म्हणाले, "सबंध देश पिढ्यान्‌पिढ्या उपवास करतोय आणि कुणाला पत्ता नाही! काय पुण्य साठलं असेल!"

मंगळवारी वाउटर सायकलवरून पातेलं घेऊन आला. पंच्यात गुंडाळून, दोरीने बांधून, समुद्रावरचा वारा तोंडावर घेत. झाकण काढलं तर आत लहान लहान उकडलेले बटाटे, वर लोणी, आणि मधल्या बटाट्यात वाढदिवसाची मेणबत्ती रोवलेली.

"कांदा नाही," तो म्हणाला. "मी वाचून काढलं. लसूणही नाही. मीठ वेगळं आणलंय, तुला कुठलं लागतं ते कळेना." त्याने खिशातून मिठाच्या तीन पुड्या काढल्या. "आणि मी सकाळपासून दुसरं काही खाल्लेलं नाही. फक्त हेच. दोन ताटल्या झाल्या."

"मग कसा वाटतोय उपवास?"

"उत्तम. मला वाटलं होतं, भूक लागेल."

मेणबत्ती त्याने फुंकली. मी त्याचं अभिनंदन केलं, मिनेकेबाईंचंही केलं, आणि एक बटाटा मनातल्या मनात बाप्पाला दाखवून खाल्ला. इतका गोड बटाटा मी सातारा सोडल्यापासून खाल्ला नव्हता. मिनेकेबाईंनीही ताटली पुढे केली. दोन बटाटे खाल्ल्यावर त्यांनी प्रकरण बंद केलं. दुपारी आमच्या प्रमुख बाईंनी करारावर सही केली, आणि जाता जाता विचारलं की बटाटे फक्त तिघांनाच का, बाकीच्या बायका नाराज आहेत.

निघताना वाउटरने माझ्या हातात एक गार डबा दिला. आत टार्टचा तुकडा होता. सप्टेंबरातला, त्याने माझ्या वाटणीचा बर्फात जपून ठेवलेला.

"चंद्र उगवल्यावर," तो म्हणाला. "मी वाचलंय."

संध्याकाळी आकाश नेहमीसारखं घोंगडी पांघरून बसलेलं. रविकांत गच्चीत मान उंचावून उभे राहिले, सानिकाने फोनवर बघितलं. "मून इज अप, आई. ढगांच्या मागे आहे. इट काउंट्स."

आरती झाली. मोदकाने उपवास सोडला, आणि लगेच वाउटरच्या आईचा टार्ट. दालचिनी होती, आणि कडा जरा जास्त भाजलेल्या. एकट्याने पहिल्यांदा केलं की होतंच तसं. सानिकाने अर्धा हिसकावून घेतला.

मी वाउटरला लिहिलं, "चंद्र उगवला. टार्ट खाल्ला. फार छान होता. आईंना नमस्कार."

लगेच उत्तर आलं.

"पोट कसं आहे?"