कोटाखालचा रकाना

मित्रांनो, दवाखान्यातल्या स्कॅनच्या खोलीत एकवीस वर्षं टांगलेला मी एक जुना तक्ता. हृदयातून जी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी निघते ना, ती महाधमनी निरोगी माणसात किती रुंद असावी, ते माझ्या अंगावर छापलं आहे. डावीकडे पुरुषांचा रकाना, उजवीकडे बायकांचा. बायकांचे आकडे थोडे लहान, ठेंगण्या बाईचे त्याहून लहान. देवानं मुंगीला मुंगीच्या मापाचं दिलं, हत्तीला हत्तीच्या. मी आपली नुसती नोंद ठेवली.

नवा होतो तेव्हा सिस्टर मला रोज पुसायच्या. शिकाऊ डॉक्टर माझ्यासमोर उभे राहून आकडे घोकायचे. मग नवे डॉक्टरसाहेब आले. त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यावर खिळा ठोकला आणि आपला पांढरा कोट टांगला.

"साहेब, बायकांचा रकाना झाकला जातोय," सिस्टर म्हणाल्या.

"दोन-चार मिलिमीटरचा तर फरक. तेवढ्यानं बायका मरत नाहीत!"

एके दिवशी धुलाईघरातल्या मावशी तपासणीला आल्या. उंची जेमतेम साडेचार फूट, म्हणून सगळे त्यांना चिमणी म्हणत. साहेबांच्या कोटाला इस्त्री त्याच करायच्या. छातीत त्यांची महाधमनी भरली एकोणचाळीस मिलिमीटर. साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. पुरुषांची हद्द चाळीस.

"नॉर्मल! चिमणे, तुला हलकं काम हवंय, दुसरं काही नाही."

"पाठीत सुरी फिरवल्यासारखं होतं हो, साहेब."

"मग सुरीच घेऊन ये. तिचाही फोटो काढू."

यंत्र चालवणारा खो-खो हसला. सिस्टर पुढे झाल्या. "कोट जरा सरकवू का?"

"हात लावू नका. इस्त्री मोडेल."

कोटाखाली मी घुसमटत होतो. एवढ्याशा चणीच्या बाईला चौतीसच्या पुढे धोका, असं माझ्यावर ठळक छापलेलं होतं. पण कागदाला कंठ कुठला?

चौथ्या दिवशी ओल्या चादरींचा गठ्ठा उचलून जिना चढताना मावशी कोसळल्या. महाधमनी फाटली होती. त्यांची लेक रिपोर्ट न्यायला आली, तेव्हा सिस्टरनी कोट खाली काढला. लेकीनं माझ्यावर बोट ठेवून आकडा वाचला, मग हातातला रिपोर्ट वाचला.

"म्हणजे आईचं पाच मिलिमीटर जास्त होतं?"

"ताई, आता वाचून आई उठणार आहे का?" साहेब म्हणाले, आणि शिपायाकडे वळले. "हा तक्ता काढा आधी."

आता मी शेजारच्या अडगळीत, गंजक्या स्ट्रेचरखाली पालथा पडलो आहे. माझी कीव करू नका, मित्रांनो. मात्र मोठे झालात आणि कुणाचं माप घ्यायची वेळ आली, तर आधी समोर कोण निजलंय ते डोळे भरून पाहा. तो देह देवानं एकदाच घडवलेला असतो.

भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं, "नॉर्मल. पुढची."